दोन इंची पाणी

आमच्या थोरल्या बंधूंनी घर बांधलं ते कारखान्याचे संचालक झाले त्या वर्षी. कारखाना साखरेचा, सहकारी, आणि अशा मुलखात उभारलेला जिथली निम्मी माणसं दिवाळी झाली की दुसऱ्यांचा ऊस तोडायला निघून जातात. ऊस नसलेल्या ठिकाणी साखर काढायला मोठी दृष्टी लागते. ती त्या संचालक मंडळाकडे होती. मोजके हंगाम झाले, दुष्काळ पडला, धुराडं थंड झालं. पण तोवर दादांच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसले होते. आयाळ बरी जमली होती. तोंडावरून मात्र गवंड्याने आयुष्यात फक्त कुत्री पाहिली असावीत असं वाटे.

फाटकाशेजारी संगमरवरी पाटी होती. वर दादांचं नाव, खाली ठसठशीत 'संचालक'. मंडळ बरखास्त झाल्यावर त्याआधी 'माजी' कोरावं लागलं. जागा उरली नव्हती, म्हणून ते इतकं बारीक बसलं की वाचायला पाटीला नाक लावावं लागे. दादांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

घर विकायचं ठरवलं वहिनींनी. बोअर आटून दुसरा उन्हाळा चालू होता. टँकर चौकात थांबे आणि वहिनी गुडघ्याला पट्टा बांधून तिथून घागरी आणीत. माजी असले तरी संचालकच, त्यामुळे दादांना घागर उचलता येत नव्हती. एकदा वहिनी भरल्या घागरीसकट फाटकातच कोसळल्या. उठल्या त्या हे सांगतच: "पावसाळ्याच्या आत घर विका. पोरीजवळ नाशकाला जाऊ. न्हाई विकलं तर मी एकटी जाते. तुमी बसा सिंहांपाशी."

मी अंबाजोगाईहून आलो तो जाहिरातीचा मजकूर लिहायला. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा दुसरा काय उपयोग असतो. मी लिहिलं: चार खोल्या, मोठं अंगण, रस्त्याला लागून. दादांनी कागद उलटापालटा करून पाहिला.

"ह्यात माझं घर कुठंय बे?"

"अंगणाच्या मागं आहे, दादा."

शेवटी छापून आली ती त्यांचीच जाहिरात. तिच्यात 'भव्य' दोनदा होतं आणि खोल्यांचा उल्लेख नव्हता.

मग दलाल आला. कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असं छापलेलं होतं, आणि बुटांना धूळ लागू नये म्हणून तो अंगणात टाचा उचलून चालत होता. "गिऱ्हाईक घर बघत न्हाई, दादा. राहणीमान बघतंय." तेव्हा जगण्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तू घरातून हलल्या. ज्वारीच्या कोठ्या, वाळवणाची खाट आणि वहिनींच्या घागरी शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. शोकेसमधली सन्मानचिन्हं मात्र घासूनपुसून पुढे आली. कुठल्याशा पतसंस्थेने दादांचा सत्कार केला होता, दादांच्या मंडळाने त्या पतसंस्थेच्या अध्यक्षांचा केला होता. सहकार म्हणतात तो हाच. भिंतींना पिस्ता रंग दिला. सिंहांना सोनेरी. सोनेरी झाल्यावर ते कुत्र्यांसारखे दिसेनात, लग्नातल्या बँडवाल्यांसारखे दिसू लागले.

बैठकीत आमच्या वडिलांनी आणलेली बुद्धांची मूर्ती होती. तिच्यासमोर येऊन दलाल खाकरला. "ही जरा आतल्या खोलीत घेता का? गिऱ्हाईक कोणत्याबी समाजाचं असतंय."

वहिनी दारातून म्हणाल्या, "सिंह काढा पाहिजे तर. मूर्ती हलायची न्हाई."

दलालाने तोल सावरला. "तसं आता मोठमोठ्या बंगल्यात बी असती म्हणा. शोभेला." एवढ्यावर अडीच हजार वर्षं निकालात काढून तो पाण्याकडे वळला.

कारण खरी अडचण पाण्याचीच होती. घर कितीही पिस्ता असलं तरी आमच्याकडे माणूस आधी विचारतो, बोअरला किती इंची पाणी आहे? पाइपातून पडणाऱ्या धारेची जाडी इंचात सांगतात. मुलीचं स्थळ बघतानासुद्धा हल्ली हाच प्रश्न आधी येतो. यावर दलालाची युक्ती सोपी होती. अंगणात जमिनीखाली हौद होता. विकतचा टँकर आणून तो भरायचा, त्यात मोटर सोडायची, आणि तिचा पाइप जमिनीखालून नेऊन बोअरच्या पाइपाला जोडायचा. बटण दाबलं की हौदातलं पाणी बोअरच्या तोंडातून पडणार.

"हे खोटं हाय," वहिनी म्हणाल्या.

"खोटं कसं?" दादा म्हणाले. "पाणी खरंच हाय ना?"

पहिलं गिऱ्हाईक आलं ते निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको. त्यांनी सिंहांकडे पाहिलं नाही, सन्मानचिन्हांसमोर सौजन्य म्हणून थांबले, आणि पाणी विचारलं. दादांनी बटण दाबलं. भरदार धार पडली. बाईंनी तिच्याखाली हात धरला आणि बराच वेळ काढला नाही.

"दोन इंची," दादा म्हणाले. "दुष्काळात बी."

मुख्याध्यापक दोन दिवसांत कळवतो म्हणून गेले. दादांनी धार लगेच बंद करायला हवी होती. पण फाटकाबाहेर गल्लीतल्या बायका येऊन उभ्या होत्या, आणि दादांना बघणारी माणसं दिसली की त्यांचा हात बटणावरून निघत नसे.

संध्याकाळी चौकात ते पाणी अडीच इंची होतं. दुसऱ्या दिवशी उमापूरला भेटलेल्या पाहुण्याने मला ते तीन इंची असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तलाठी आदेश घेऊन आले. टंचाईत ज्याच्या बोअरला पाणी असेल ते सरकार गावासाठी ताब्यात घेतं. त्याला अधिग्रहण म्हणतात. आदेशात बोअरला 'विंधन विहीर' म्हटलं होतं. कोरड्या भोकाला एवढी बढती मिळालेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दादांनी खरं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मुख्याध्यापक गेले असते, दुसरं कुणी आलं असतं. पण दादांनी आदेश दोनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर मंडळ बरखास्त झाल्यापासून न दिसलेलं तेज आलं.

"सरकारनं घ्यायची कावून वाट बघायची? मीच देतो गावाला. लोकार्पण करू."

"देणार काय?" वहिनींनी विचारलं.

"आधी अर्पण तर होऊ द्या."

आणि झालं. अंगणात मांडव पडला. टँकरवाल्याला सांगून हौद गळ्यापर्यंत भरून घेतला. बोअरच्या पाइपाला रिबीन बांधली. तिला कात्री लावायला दादांसोबत सरपंच होते. दोन जुने संचालक आले आणि त्यांनी एकमेकांना शाली घातल्या. घागरी घेतलेल्या बायका उन्हात मांडवाबाहेर, आणि दादा पाण्याच्या महत्त्वावर बोलत होते. ते इतका वेळ बोलले की मांडवातल्या लोकांना तहान लागली.

मग नारळ फुटला, बटण दाबलं, धार पडली, टाळ्या झाल्या. रांग सरकू लागली. थोड्या वेळाने धार बारीक झाली, पाइप खाकरला, हवा ओकला आणि गप्प झाला. रांगेत अजून निम्म्याहून जास्त घागरी रिकाम्या होत्या.

"पाणी खाली गेलं वाटतं," दादा म्हणाले.

"आत्ताच?" तलाठ्यांनी विचारलं. "आमाला बघून?"

कुणीतरी हसलं. दादा सरपंचांकडे, सरपंच जुन्या संचालकांकडे आणि ते आपापल्या शालींकडे बघू लागले. वहिनी लंगडत पुढे आल्या. त्यांनी हौदाचं झाकण सरकवलं.

"बोअर दोन वर्षं कोरडं हाय. हे विकतचं पाणी होतं. तळाशी थोडं उरलंय, बादलीनं काढून घ्या. गढूळ निघंल."

बायकांनी दोर सोडला. मांडवातली माणसं चपला शोधू लागली. मुख्याध्यापकही बायकोसह गर्दीत होते. बाई रिकामा हात पदराला पुसत निघून गेल्या.

मी घराची विक्री बुडाली असं धरून चाललो होतो. वहिनी तर त्या संध्याकाळी बॅग भरायला बसल्या, एकटीचीच. पण आठवड्याच्या आत आष्टीकडचा एक मुकादम आला. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर नेणारा माणूस. त्याने पाणी विचारलंच नाही.

"ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक झालंय. आमी सा महिने हितं नसतोच. अंगण लई चांगलं हाय, दोन ट्रॅक्टर मावतेत." मग तो सिंहांपाशी थांबला. सबंध विक्रीत त्यांच्यापाशी थांबलेला तो एकटाच. "हे राहू द्या. आन ही पाटी बी. नाव तेवढं बदलून घेतो."

"पाटीवर संचालक लिहिलंय," मी म्हणालो.

"असू द्या की. कुठं खोडायचं आता."

सिंह त्याला मिळाले. पाटी दादांनी स्वतः छिन्नीने काढली आणि नाशकापर्यंत मांडीवर घेऊन गेले. घरासाठी त्यांनी स्वतः उचललेलं ते एकमेव ओझं. वहिनींनी मूर्ती पदरात गुंडाळून घेतली होती.

मुलीजवळ घेतलेल्या फ्लॅटची इमारत ही सहकारी गृहनिर्माण संस्था आहे हे दादांना तिथे गेल्यावर समजलं. वर्षभरात ते समितीवर निवडून आले; दुसरं कुणी उभंच नव्हतं. पाटीवरचं 'माजी' मूळचंच बारीक, ते त्यांनी सिमेंटने बुजवलं. परवा वहिनींचा फोन आला. गुडघा बरा होता. पाणी नळाला सकाळ-संध्याकाळ येतं म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, सोसायटी बोअर घ्यायचं म्हणतीय. उद्घाटनाला ह्यांचं भाषण हाय. तुमी तेवढे येऊ नका."