बावीस इंचांचा धावडा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. फॉरेस्ट खात्यात उभी नोकरी काढली. अस्वल दोनदा समोर आलं, भूत एकदाही नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण वय झालं, आता कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

साठच्या दशकाची अखेर. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला मी वनपाल होतो. तिथलं मूळ जंगल कोळशासाठी कधीच तुटलेलं. उभं होतं ते जुन्या खुंटांवर पुन्हा फुटलेलं. एकेका खुंटावर चार-पाच खोडं, सगळी उन्हासाठी वर धडपडणारी, अंग मात्र कुणीच धरत नव्हतं. खात्याने तिथे प्रयोगाचा प्लॉट आखला. अर्ध्या भागात विरळणी, म्हणजे खुंटावर एकच चांगलं खोड ठेवून बाकीची तोडायची. अर्धा भाग तसाच सोडायचा. मग दर वर्षी छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून दोन्हीकडची वाढ मोजायची. मी नवा, पुस्तकी आणि भलताच शिस्तीचा.

मजुरांचे मुकादम होते नाना. पायथ्याच्याच गावचे शेतकरी, पन्नाशीचे, बोलणं मोजकं. तोडायच्या खोडांवर मी हातोड्याने शिक्का मारत चाललो होतो. एका जोडखोडाच्या धावड्यापाशी ते थांबले.

"साहेब, हाऊ धावडा सोडी द्या. दोन्ही खोडं ऱ्हाऊ द्या."

"का हो नाना?"

"मना धाकला भाऊ आठे बसे. बकऱ्या चारतांना दोन्ही खोडंस्ना मझार बशीसन भाकर खाये."

दोन खोडांच्या मधे बसून भाकर खाणारा तो भाऊ दहाव्या वर्षीच तापाने गेला होता, हे मला ठाऊक होतं. शिक्का तर मारून झाला होता. मी म्हटलं, "सोडला नाना. उद्या शिक्का छिलून वर चुन्याचा पट्टा मारतो." तोडणारे कागद बघत नाहीत — शिक्का दिसला की कुऱ्हाड! माझ्या शब्दावर विसंबून नाना मुलीच्या सासरी धरणगावला गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या वरच्या साहेबांची व्हिजिट आली, मी त्यांच्या मागेमागे फिरलो आणि शिक्का राहिला तो राहिलाच.

नाना परतले तेव्हा एक खोड आडवं झालेलं. ते वाकले आणि ताज्या कापावरून हात फिरवू लागले. मला मात्र "माझी चूक झाली" एवढं म्हणता येत नव्हतं का? पण अंगात खाकी होती ना! म्हणालो, "नियमाने ते तोडायलाच हवं होतं, नाना. आता बघा, राहिलेलं कसं फुगतं ते." त्या वाक्याची आजही शरम वाटते.

वर्षाने मापं घेतली. विरळ केलेल्या भागात झाडं तरारली होती — कुणी इंच, कुणी दीड इंच. न तोडलेल्या भागात जेमतेम सूतभर. प्रयोग झकास! नानांचा धावडा मात्र बावीस इंच. तोडणीच्या दिवशीही बावीसच होता. दुसऱ्या वर्षी बावीस. तिसऱ्या वर्षी नवी टेप आणली, मोजणारा बदलला... बावीस. पावसाळ्यात पानं हिरवीगार, साल निरोगी. साहेबांना वाटलं, मी घरी बसून आकडे भरतो. ते स्वतः आले, स्वतः टेप गुंडाळली आणि गुपचूप जीपमध्ये जाऊन बसले.

शेवटी मी नानांनाच विचारलं, "हे असं कसं हो?"

"झाड वाढत नही, साहेब. ते वाट दखी ऱ्हायनं."

"कशाची?"

त्यांनी टेप माझ्या हातात दिली आणि पुढच्या झाडाकडे गेले. मला कळलं होतं हो... कळूनही मी वहीत पुढचा आकडा लिहायला घेतला.

त्या हिवाळ्यात नाना अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी पंधरा दिवस घालवले. गेलो की "माझी चूक झाली" हे बोलावं लागणार, याचीच धास्ती. गेलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. नानांना जाऊन दोन दिवस झाले होते.

त्यांच्या बायकोला, अक्कांना, मी सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो, हात जोडले.

"माले सांगीसन काय उपेग, साहेब?" अक्का म्हणाल्या. "त्यासले ऐकनं व्हतं."

तिथून थेट प्लॉटवर गेलो. भर दुपारी, टोपी काढून, धावड्यासमोर मोठ्याने म्हणालो, "नाना, माझी चूक झाली." पुढे बदली होईपर्यंत आणखी दोनदा मोजलं. आजूबाजूची झाडं वाढतच होती. धावडा बावीस इंच.

कुणी म्हणालं मुळाला इजा झाली असेल, कुणी म्हणालं आत कूज असेल. मी खुंटाजवळ खणूनही पाहिलं, मुळं धडधाकट होती. स्पष्टीकरण आजही नाही, आणि खरं सांगू? आता मी ते शोधतही नाही. त्या पंधरा दिवसांत एकदा जरी सायकल काढली असती, तरी नाना भेटले असते. गाव अवघं चार मैलांवर होतं.