खुंट्या सैल होत्या, बोटं नाही

मित्रांनो, नेरच्या निवृत्त शिक्षिका सुमनताईंच्या जुन्या पियानोचं काम आज संपलं.

ताईंना हल्ली विसरायला होतं. पियानो बेसूर वाजला की आपणच चुकतो असं वाटून त्यांनी वाजवणंच सोडलं होतं.

खरं तर तारांच्या खुंट्या ज्या लाकडात बसतात, त्याची भोकं झिजली होती. सूर लावला तरी खुंटी फिरायची, तार उतरायची. मी सैल खुंट्या काढून जाड खुंट्या बसवल्या.

आज ताईंनी भीत भीत शाळेची प्रार्थना वाजवली. शेवटपर्यंत सुरात!

त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मंग मी नव्हती ना चुकत?"

"नाई वं, लाकूड झिजलं होतं," काका म्हणाले.

तुमच्याही घरी कोणी आवडीचं काही गुपचूप सोडलंय का? काहून सोडलं, एवढं विचारा ना.