रेडिएटरात ओतलेलं आगळ

चौथीतून शाळा सोडली. मग कोल्हापुरात एका मिस्त्रीच्या हाताखाली राहिलो, तेही अर्ध्यावर सोडलं. अशा माणसाला कोण ठेवणार? रत्नागिरीतल्या एका गृहस्थांनी ठेवलं. त्यांची रत्नागिरी ते कोल्हापूर उतारू नेणारी एकच सर्व्हिस मोटार होती आणि तिच्यावरच घर चालायचं. मी तिचा ड्रायव्हर. झोपायचो त्यांच्या पडवीत, जेवायचो त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. माझं गाव घाटावर, दुष्काळी मुलखात. तिथून आलेल्याला कुणी दोन्ही वेळा पाटावर बसवून वाढावं, हे मला कधी खरंच वाटलं नाही. आपल्या हातून काहीतरी होणार आणि हे सगळं जाणार, अशी धास्ती घास गिळतानाही असायची.

त्या उन्हाळ्यात मोटार तापायला लागली. आंबा घाट अर्धा चढला की रेडिएटर उकळायचा. थांबायचं, निवू द्यायचं, पाणी घालायचं. तेवढ्यात दुसऱ्या सर्व्हिसची मोटार बाजूने निघून जायची आणि तिचा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडायचा, "काय घाटी, चा उकळला काय?" उतारू हसायचे, आणि पुढच्या खेपेला त्याच्याच मोटारीत बसायचे.

काका म्हणाले, "पाऊस लागला की सर्व्हिस बंद. त्याच्या आत उतारू तुटले तर दिवाळीनंतर कोण येणार रे आपल्याकडे?"

दुखणं मला कळत होतं. घरची विहीर खाडीच्या अंगाला, उन्हाळ्यात तिचं पाणी मचूळ व्हायचं. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरात जात होतं. आतल्या बारीक नळ्यांत क्षाराचा पांढरा थर धरला होता. मिस्त्रीकडे पाहिलं होतं तसं केलं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून भरला, इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, खालची तोटी सोडली, आणि नितळ येईपर्यंत पाणी घालत राहिलो. दोनदा केलं. गाळ निघाला, थर हलला नाही.

काकू शेजारीच पाण्याच्या दगडी दोणीपाशी घागर घासत बसल्या होत्या. "कशाचा असतो रे हा रेडिएटर?"

"तांब्यापितळेचा, काकू."

"मग सोडा कसला घालतोस? तांब्याला आमसूल. ही घागर बघ."

काका हसले. "तुझी घागर घाट चढत नाय गो."

"नाय चढत. पण तुमच्या मोटारीसारखी वाटेत बसत पण नाय!"

काकूंनी स्वतः आत जाऊन आगळाची बरणी आणली. आगळ म्हणजे पिकल्या कोकमांचा मीठ घालून मुरवलेला रस. सगळी बरणी ओतली, वर गरम पाणी. मी तोटी सोडायला गेलो तर म्हणाल्या, "दिवसभर राहू दे. लोणचं काय घटकेत मुरतं?"

संध्याकाळी तोटी सोडली. पाणी शाईसारखं काळं आलं, आणि त्यात पांढऱ्या खपल्या. काकू हरखल्या. "बघ किती मळ!" लोखंडी कढईत चिंचेची आमटी काळी पडते, हे मला ठाऊक होतं. इंजिन लोखंडाचं. मळ सुटतोय की लोखंड, असं क्षणभर मनात आलं. पण ज्यांच्या हातचं खातो, त्यांना हे चुकलं असं कोणत्या तोंडाने सांगू? चार बादल्या पाणी फिरवलं, तेही त्याच विहिरीचं, आणि हात पुसले.

दोन खेपा मोटार गार चालली. जेवताना काका काकूंना म्हणाले, "घाटी हुशार निघाला गो." मी खाली बघून भात कालवत राहिलो.

तिसऱ्या खेपेला साखरपा मागे टाकून घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर वाफ उसळली. चाकाला दगड लावून वाकून पाहिलं. रेडिएटरचा खालचा डाक, म्हणजे कथलाचा सांधा, आंबटाने खाल्ल्यासारखा सुटला होता आणि पाणी सगळं वाटेत सांडलं होतं. आधी इंजिन निवू द्यायचं, हे मला कळत होतं. पण खालून दुसऱ्या मोटारीचा भोंगा ऐकू आला. एक म्हातारे उतारू म्हणाले, "काय रे बाबा, आम्ही त्या मोटारीत बसू काय?" दोघातिघांनी गाठोडी उचललीच. मी सुटलेल्या सांध्यात फडकं कोंबलं, डबा घेऊन झऱ्यावर धावलो आणि ते थंडगार पाणी तसंच ओतलं.

टण्ण. आवाज मोठाही नव्हता. इंजिनाच्या अंगाला चीर गेली आणि तिच्यातून पाणी ओघळायला लागलं.

मागची मोटार थांबली. तिच्या ड्रायव्हरने आमचे उतारू घेतले. त्या दिवशी त्याने चिडवलं नाही. नुसतं म्हणाला, "चल, बस. काकांना मी सांगतो." मी बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. चिरेवरून बोट फिरवलं.

"थंड ओतलंस?"

"हो."

रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मग म्हणाले, "काल जेवलास काय?" फडक्यात बांधून आणलेली भाकरी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ती भाकरी खाल्ली.

तडकलेलं इंजिन जोडून देणारं रत्नागिरीत कुणी नव्हतं. मुंबईहून नवीन आणणं काकांना झेपणारं नव्हतं. मोटार बैल लावून खाली आणली आणि लोखंडाच्या भावाने गेली. पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने, पन्नाशी उलटलेले काका मुंबईला पहारेकऱ्याच्या नोकरीला निघाले. बंदरावर मला म्हणाले, "पाऊस सरेपर्यंत घरीच राहा. हिला सोबत होईल."

मी राहिलो. जायला हवं होतं, पण जाणार कुठे?

एके दिवशी वाढता वाढता काकूंनी विचारलं, "खरं सांग. आगळानं झालं काय रे?"

"नाही, काकू. थंड पाणी मी ओतलं ना, त्यानं."

"माझी शपथ?"

"शपथ."

भात वाढून आत गेल्या. पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

श्रावणात काकांचं कार्ड आलं. काकूंना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. प्रकृती बरी आहे, दिवाळीला रजा नाही, येणं जमणार नाही, एवढंच होतं. काकूंनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"मग कधी?" त्या म्हणाल्या.

ते कार्डात नव्हतं.