शैलाचा तोल गेला नव्हता

बातमी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात होती. 'सायकलवरून तोल जाऊन महिलेचा मृत्यू.' मी ती शैलाच्या वडिलांसमोर बसून मोठ्यानं वाचली, कारण आबांचा चष्मा सापडत नव्हता आणि त्यांना ती ऐकायचीच होती. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. त्यात तिचं नाव होतं, वय होतं, ती सिडकोत राहत होती हे होतं. ज्या खड्ड्यात ती पडली त्याचा उल्लेख नव्हता. आता महिना उलटून गेलाय, पण त्या एका शब्दाचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. तोल. गुरांच्या खुरांनी उखणलेल्या वाटांवर, ओढ्यातल्या गोट्यांवर, गौताळ्याच्या रानातल्या ओल्या पाल्यावर जिनं सायकल सरळ ठेवली, तिचा म्हणे तोल गेला.

मी तिच्या मागंच होते, म्हणून सांगते. रविवारची सकाळ होती, ऊन नुकतंच वर आलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना तिथंच राहायचंय. तलावाच्या बांधावरून खाली उतरलं की एक गाडीवाट टेकडीला वळसा घालून पळसांच्या रानात शिरते. त्या वाटेनं आम्ही कितीतरी वेळा गेलो होतो. शैला नेहमीसारखी पुढं होती. वळणावर ती दिसेनाशी झाली, पण तिच्या चाकांखाली खडी करकरत होती ती मला ऐकू येत होती... आणि तो आवाज एकदम थांबला. मी ब्रेक दाबले ते केवळ ती थांबली असेल असं वाटून. वळणापलीकडं वाटच नव्हती. मुरमासाठी कुणीतरी पोकलेननं टेकडी कापली होती आणि तिच्याबरोबर वाटही कापून नेली होती. सरळ उभी कड, घराच्या एका मजल्याएवढी खोल. तिच्या अलीकडं एक दगड ठेवलेला नाही, बाभळीची एक फांदी आडवी टाकलेली नाही.

शेळ्या घेऊन आलेल्या एका बाईंनी, कौसाबाईंनी, हाका मारून माणसं गोळा केली. शैलाला बाजेवर घालून वर काढलं, ट्रॅक्टरमधून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. सबंध रस्ताभर कौसाबाई तिचं डोकं मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, खाली मान घालून, "गेल्या आठवड्यात आमची म्हैस पडली तिथंच. सांगितलं व्हतं आम्ही. कुणी आलं नाय." अॅम्ब्युलन्स शहरात शिरायच्या आधीच शैला गेली.

शैला एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. आम्ही एकाच गल्लीतल्या. दिवसभर लोकांची मोडलेली हाडं बघणारी ही बाई चाळिशी उलटल्यावर सायकल घेते, आणि तीही ग्रॅव्हल बाईक, याचं गल्लीत सगळ्यांना नवल. शर्यतीच्या सायकलसारखं वाकलेलं हँडल, पण टायर जाड, खडीत न फसणारे. करमाडला चहा पिताना एका गृहस्थांनी तिला विचारलं होतं, ताई, ही सायकल नेमकी कशासाठी असती? ती म्हणाली, "डांबर संपतं ना, तिथून पुढं जायला." तिनं मलाही ओढलं. पहिल्या उतारावर मी घाबरून डोळे मिटले तर खाली पोचल्यावर तिनं मला चारचौघांत झापलं. ती गोड बाई नव्हती. कुणासाठी थांबायची नाही, दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी न विचारता उचलायची, आणि चढावर आपण धापा टाकत असताना वर उभी राहून गाणी म्हणायची. मला तिचा कितीदा वैताग आला होता! आज तो वैताग परत मिळाला तर हवाय.

वाटा शोधायची तिची रीत वेगळी होती. मोबाईलमधल्या नकाशावर तिचा भरवसा नव्हता. कुठल्याही गावात गेली की पारावर बसलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर उकिडवी बसायची आणि विचारायची, मोटारी यायच्या आधी तुम्ही बाजाराला कुठून जायचे? मग तो म्हातारा काठीनं मातीत रेघ ओढायचा. इथून खिंड, मग डोह, मग वडाखालून डावीकडं. सोयगावच्या बाजूला डोंगर उतरणारी एक वाट तिला अशीच मिळाली. आबा मूळचे देवगाव रंगारीचे. लहानपणी ते ज्या गाडीवाटेनं मामाच्या गावी जायचे ती वाट त्यांनी पूर्वी सांगितलेल्या गोष्टींवरून शोधून ती एकटी जाऊन आली, आणि घरी येऊन म्हणाली, "आबा, तुमची चिंच हाय अजून." आबा तेव्हा तिच्याशी सायकलवरून अबोला धरून होते. त्या दिवशी सुटला तो. मग दर रविवारी संध्याकाळी ती कुठून कुठं गेली हे तिला सांगावंच लागायचं, आणि ते मध्येच तिला दुरुस्त करायचे.

म्हैसमाळच्या मागच्या अंगाला एक तलाव आहे. हिवाळ्यात तिथं बदकं उतरतात. एकदा आम्ही पोचलो तर शहरातली चार-पाच धडधाकट माणसं गाडीतली गाणी मोठ्यानं लावून बसली होती आणि रिकाम्या बाटल्या पाण्यात भिरकावत होती. शैलानं त्यांना बाटल्या उचलायला सांगितलं. त्यातला एक हसून म्हणाला, काकू, घरी जाऊन स्वयंपाक करा. ती शांतपणे म्हणाली, "करूनच आलेय. तुम्ही काय करून आलात?" आणि बूट काढून स्वतःच गुडघाभर पाण्यात उतरली. ती बाटल्या काढत राहिली, त्यांच्या पायांशी आणून ठेवत राहिली, एक शब्द न बोलता. शेवटी त्यातले दोघं उठले आणि पाण्यात उतरले. हा तिचा राग. माझा तसा नाही, माझा नुसता आत साठून बसतो.

शोकसभेत मात्र तो बाहेर पडला. एका हॉलमध्ये सभा होती, तिच्या फोटोला मोठा हार. एकामागून एक लोक उठत होते. कुणी म्हणालं, ती निसर्गाच्या कुशीत विसावली. कुणी म्हणालं, आवडीचं काम करताना मरण आलं, असं भाग्य किती जणांना लाभतं... मी उठले आणि म्हणाले, "तिला खड्ड्यात पडून मरायला आवडत नव्हतं." आणि तशीच खाली बसले. हॉलमध्ये कुजबुज झाली. सूत्रसंचालकांनी दोन मिनिटं शांततेची विनंती केली. एका परिचितांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, की या वयात बायकांनी अशा आडरानात जायचं तरी कशाला, बोलायचं नाही पण विचार करा. मी विचार केला. कौसाबाई रोज त्याच आडरानात जातात. त्यांनी कुठं जायचं?

पोलिसांच्या कागदात 'निष्काळजीपणे सायकल चालवल्याने' असं लिहिलं होतं. ते बदलून घ्यायचं तर खड्डा कुणाचा हे कळायला हवं, म्हणून आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. मी एकटी जाणार होते, पण आबा तयार होऊन, टोपी घालून दारात उभे. ऐंशीच्या पुढचा माणूस, काठी टेकत जिना चढला. साहेब तसे सौजन्यानं वागले. खुर्ची दिली, पाणी मागवलं, मग नकाशा पसरून आम्हाला दाखवला. त्या जागी नुसता गटाचा नंबर होता, वाट नव्हती. खोदकामाची परवानगी कुणाला दिल्याचीही नोंद नव्हती. म्हणजे खोदणारा नाही आणि वाटही नाही. ते म्हणाले, "मॅडम, तिथं रस्ताच नाय. रस्ता नाय तर रस्त्यातला खड्डा कसा लिहू मी?"

आबा इतका वेळ नकाशाकडं बघत होते. त्यांनी विचारलं, "साहेब, रस्ता नव्हता तर माझी पोरगी तिथवर गेली कशी?"

साहेबांनी नकाशाची घडी घातली. म्हणाले, स्थळपाहणी करू. जागेवर काही आढळलं तर बघू.

त्या पाहणीला मी मुद्दाम गेले. गावचा तलाव तसाच होता, बांध तसाच. वळणापर्यंत गेलो आणि मी वेड्यासारखी इकडंतिकडं बघत राहिले. मला वाटलं होतं, खड्डा घाईघाईनं बुजवला असेल. तसं नव्हतं. खड्ड्याच्या भोवतालची सगळी टेकडीच कापून नेली होती. कड नाही, खोली नाही, नुसतं सपाट लाल मैदान, त्यावर मुरूम वाहणाऱ्या हायवा डंपरांच्या टायरांचे ठसे. शैला जिथं पडली ती जागा आता आजूबाजूच्या जमिनीच्या बरोबरीला आली होती. पाहणीला आलेल्या माणसानं फोटो काढले आणि म्हणाला, इथं तर खड्डा दिसत नाय. त्याच्यावर ओरडावं असं मला वाटलं, पण तो बिचारा खरंच जे दिसतंय तेच बोलत होता.

परत फिरताना कौसाबाई बांधावर उभ्या दिसल्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांना या भानगडीत पडू नको म्हणून बजावलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी काही मागितलं नाही. त्याच म्हणाल्या, "म्हैस पडली व्हती. बाई पडली व्हती. म्या सांगते." आणि त्या सांगून आल्या. ठाण्यात जाऊन, नाव-गाव देऊन, अंगठा उठवून. आता तपास पुन्हा सुरू झालाय असं सांगतात. मला भरवसा वाटत नाही. पण 'तोल जाऊन' या दोन शब्दांच्या विरोधात एका बाईचा जबाब कुठंतरी आहे, आणि तो मी सोडणार नाही.

परवा रविवारी आबांकडं गेले. शैलाचा भाऊ पुण्याहून येऊन घराला रंग देऊन गेलाय. घर उजळ दिसावं, वडिलांना बरं वाटावं, म्हणून. बाहेरच्या खोलीतली एकच भिंत मात्र तशीच ठेवलीय. तिथं छताजवळ एक लोखंडी हूक आहे, शैला पुढचं चाक त्याला अडकवून सायकल उभी टांगायची. खाली जिथं मागचं चाक टेकायचं तिथं भिंतीवर मातीचे पट्टे उठलेत, एकावर एक. म्हैसमाळचा तांबडा, सोयगावकडचा काळा, आणि काही कुठले ते आता कोण सांगणार. रंगारी तो भाग घासायला लागला तेव्हा आबांनी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला म्हणे. तिची सायकल अजून पोलीस ठाण्यात आहे, पुढचं चाक दुमडलेली.

माझी सायकल मी फाटकापाशी लावली होती. आदल्या दिवशी पाऊस झालेला, टायर चिखलानं भरलेले. आबा दारातून म्हणाले, बाहेर कशाला ठेवतीस, आत घे. मी आत आणली आणि कुठं टेकवू म्हणून बघत राहिले. त्यांनी काठीनं हूक दाखवला.

"भिंत खराब होईल, आबा."

"होऊ दे," ते म्हणाले, आणि आज कुठून कुठं गेलीस म्हणून विचारायला लागले.