बाटलीतले अठरा घोट

कामठीहून शेअर ऑटोनं येणारा आमचा कॅडी खांद्यावर काठ्यांची पिशवी चढवली की बोलायला लागतो. चेंडू झुडपात गेला तरी त्याचं वाक्य तुटत नाही. गोल्फला नवा कुणी आला की त्याचा प्रश्न ठरलेला. "साहेब, अठराच होल काहून?" उत्तराची वाट न बघता तोच सांगतो, "गोऱ्या साहेबाच्या बाटलीत अठराच घोट राहत. एका होलले एक घोट. बाटली खतम, खेळ खतम!"

मागच्या महिन्यात मला राहवलं नाही. म्हटलं, हे सगळं थोतांड आहे. स्कॉटलंडच्या जुन्या मैदानावर आधी बावीस होल खेळत, मग आखूड होल जोडून अठरा केले. चेंडू पुसत त्यानं ऐकून घेतलं आणि "असं काय?" एवढंच म्हणाला. उरलेला खेळ तो गप्प होता. मलाच करमेना.

परवा तो एका पाहुण्याला सांगत होता, "पहिले बावीस होल होते साहेब. पण बाटली अठराव्यालेच संपे. मंग चार बुजवून टाकले."

पाहुणा हसला.

"खोटं वाटते तर या साहेबाले विचारा. त्यायनं पुस्तकात वाचलं."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली.