पुरात मारलेली हाक

काल नळाला गढूळ पाणी आलं. घागरीतनं गाळाचा वास आला आन् मला कृष्णेचा पूरच आठवला बघा.

सत्तर सालानंतरची गोष्ट. पलूसकडच्या नदीकाठच्या गावात मी नुकतीच नांदायला आले होते. आमचे मालक कारखान्यात फिटर. कामावर जायच्या आधी कृष्णेच्या भर पुरात एकटेच उडी टाकायचे आन् लाटांवर उताणे होऊन वाहत जायचे. अंगातली रग जिरल्याशिवाय हातात पाना धरवत नाही म्हणे!

त्या सकाळी मी घाटावर होते, हे पाण्यात. त्यांच्या मागनं मुळासकट उपटलेली बाभळ वाहत येत होती. आता हाक कशी मारायची? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आम्हाला शिकवलेलं. मी ओरडले, "आवं, मागं बघा!" घाटावरच्या झाडून साऱ्या बाप्यांनी मागं बघितलं. हे सोडून.

मग डोळे मिटून मी बोंबलले, "सर्जेराव!"

त्यांनी वळून बघितलं, बुडी मारली, बाभळ वरनं गेली. पार खाली काठाला लागले. मी धावत गेले तर हसतायत. "नाव घेतलंस व्हय? आता काय मी जगत न्हाई!"

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा निघाले. "जाऊ नका," मी म्हणाले, तर म्हणतात, "तू हायस की हाक मारायला."

तवा मी लाजले होते. आता वाटतं, त्यांनी आपल्या जिवाचं ओझं माझ्या गळ्यात घातलं आन् हलके होऊन उडी मारली.