लोकरीची मोहोर

वाईहून बी.ए. होऊन आलेली चारुशीला साताऱ्यातल्या एका वसतिगृहाच्या खरेदी विभागात कारकून होती. विभाग कसला, ती, एक टेबल आणि एक कपाट. निविदा, दरपत्रक, मान्य नमुना, पुरवठ्याची मुदत असले शब्द ती दिवसभर समोरच्याच्या अंगावर फेकायची आणि तो गोंधळला की वर चिडायची.

चौऱ्याहत्तर साली शंभर घोंगड्यांची निविदा निघाली. माण तालुक्यातला म्हातारा बिराप्पा चौकशीला आला. हयात मागावर घोंगड्या विणण्यात गेलेली.

"आवं बाई, मोहोरबंद म्हंजे काय वो?"

"आमच्याशिवाय कुणाला उघडता येऊ नये असं पाकीट बंद करायचं. एवढंही कळत नाही?" चारुशीलेने फाइलीत डोकं घातलं. मोहोर लाखेची लावायची, हे काही तिने सांगितलं नाही.

उघडायच्या दिवशी सगळे निविदादार समोर बसले. सचिव गंगाधरपंतांपुढे चार पाकिटं लाखेची. पाचव्याचं तोंड मात्र काळ्या लोकरीने शिवलेलं आणि वर सुपारीएवढी गाठ.

सांगलीचा ब्लँकेटवाला व्यापारी खो खो हसला. "पंत, ही निविदा की गोधडी? लाख नाही, बाद करा!"

पंतांनी पाकीट बाजूला सारलं. शंभर घोंगड्यांचं काम म्हाताऱ्याच्या हातचं जाणार, तेही चारुशीलेच्या तुटक उत्तरापायी. ती उठलीच.

"चूक माझी आहे. यांनी विचारलं तेव्हा मी लाख म्हटलंच नाही. पण मोहोर कशासाठी असते, पंत? मधे कुणी उघडलं तर कळावं म्हणून. ही गाठ सोडून पुन्हा तश्शी मारून दाखवा, मग खुशाल बाद करा."

पंतांनी नखं लावली. व्यापाऱ्याने तर दात लावले. गाठ हलेना.

"दात पडत्याल, सावकार!" बिराप्पाने पुढे होऊन एक टोक ओढलं. गाठ सर्रकन सुटली. "बाईच म्हनल्या, कुणाला उघडाय येऊ ने."

"अहो, 'आमच्याशिवाय' म्हटलं होतं मी!"

पंतांनाही हसू आवरेना. "हीसुद्धा मोहोरच. धरा निविदा."

बिराप्पाचा दर सगळ्यांत कमी निघाला, नमुनाही पसंत पडला आणि काम त्यालाच मिळालं. चारुशीलेने निवलेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्याच दिवशी तिने टेबलासमोर खुर्ची मांडून घेतली. पुढे निवृत्त होईपर्यंत कुणी शब्दाचा अर्थ विचारला की ती म्हणायची, "बसा आधी." चिडायची मात्र तशीच.